आयोनाच्या वाटेवर

आपल्या समाजाच्या अंकांतून परदेशप्रवासाची वर्णने वरचेवर येत असतात. रोम, लूर्द, फातिमा, पवित्र भूमी ही नावे वाचून वाचून इतकी परिचयाची झाली आहेत, की तेथे कधी न गेलेल्या माणसालाही आपण तेथील चौकांतून आणि गुहांतून हिंडून आलो आहोत असे वाटावे. ज्या प्रवासाविषयी आज लिहायला बसलो आहोत, तो त्या मानाने अगदीच लहान. सकाळी निघालो आणि रात्री परतलो. दोन फेरीबोटी, साठेक किलोमीटरचा एकपदरी रस्ता, पाचेक किलोमीटर लांबीचे एक बेट आणि परतीचा तोच मार्ग, एवढाच त्या दिवसाचा ऐवज. तरीही गावी येऊन महिने लोटले आणि तो दिवस मनातून जात नाही. त्याचे कारण केवळ त्या बेटाच्या सौंदर्यात नाही. ते थोडेसे आमच्या घरातही आहे. म्हणून घरापासूनच आरंभ करणे प्राप्त आहे.

वसईतील आमच्या घरी, आल्ताराशेजारच्या भिंतीवर, मुलांच्या लग्नाच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. आधी थोरल्या मुलाची, मग मधल्या मुलीची. तिसऱ्या तसबिरीसाठी खिळा ठोकून ठेवला होता. तो पाच वर्षे रिकामाच राहिला. धाकटी लेक परिचारिका म्हणून ग्लासगोला गेली आणि तेथेच एका स्कॉटिश तरुणाशी लग्न करण्याचे तिने ठरवले. मुलगा सालस, कामसू, निर्व्यसनी. पण तो चर्च ऑफ स्कॉटलंडचा, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाचा, आणि लग्न त्याच्या चर्चमध्ये व्हायचे होते. लेकीने तेथील बिशपांची रीतसर परवानगी मिळवली होती. कॅथॉलिक धर्मगुरूही विधीला उपस्थित राहून आशीर्वाद देणार होते. ख्रिस्तसभेची हरकत नव्हती. हरकत आमची होती.

हा प्रश्न श्रद्धेचा आहे, असे आम्ही तेव्हा एकमेकांना सांगत होतो. खरे पाहता, रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कोण काय बोलेल याचीच धास्ती अधिक होती. अखेर प्रकृतीचे कारण कळवून आम्ही गेलो नाही. आम्हां दोघांपैकी एकाचे मन लग्नाला गेले होते, पाय मात्र गेले नाहीत. दुसऱ्याचे मनही गेले नाही. कोण कोणता, हे येथे सांगत नाही. संसाराला चाळीस वर्षे झाली की दोष वाटून घेता येत नाहीत. लग्नाची तसबीर चौकटीसह टपालाने आली, तेव्हा ती आम्ही कपाटात चादरींच्या घडीखाली ठेवली. एकदा लेकीने फोनवर विचारले, "आई, फोटो लावला का?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. पुन्हा तिने कधी विचारले नाही.

पाच वर्षांनी, तिच्या पुष्कळ आग्रहावरून, आम्ही उभयता ग्लासगोला गेलो. जावयाने विमानतळावर आमच्या बॅगा उचलल्या, घरात आमच्यासाठी स्वतःची खोली रिकामी करून दिली आणि मागच्या एकाही गोष्टीचा उल्लेख केला नाही. त्याच्या या न बोलण्याने आम्ही अधिकच अवघडलो. बोलला असता तर उत्तर तरी देता आले असते. आयोना बेट पाहण्याची आमची जुनी इच्छा लेकीकडून त्याला कळली होती. त्या आठवड्यात दोघांनाही रजा नव्हती. तेव्हा त्याने आपली गाडी आम्हांला दिली, विम्याच्या कागदांत चालक म्हणून आमचे नाव घातले, फेरीबोटीची तिकिटे काढली आणि निघताना एक घडी घातलेला कागद हाती ठेवला. आपल्याकडील वाहनपरवान्यावर तेथे पाहुण्याला बारा महिने गाडी चालवता येते आणि रस्त्याची डावी बाजूही आपल्यासारखीच. त्यामुळे धीर केला. आमच्यातील एकाने सुकाणूचक्र धरले, दुसऱ्याने नकाशा.

लोमंड सरोवराच्या काठाने, मग डोंगरांच्या कुशीतून, दीडशे किलोमीटरची वाट उरकून आदल्या संध्याकाळी ओबन या बंदराच्या गावी मुक्काम केला. मे महिना सरत आला होता. रात्री दहानंतरही आकाशात उजेड होता. गावाच्या माथ्यावर रोममधील कोलोझियमची आठवण करून देणारी एक गोल दगडी वास्तू दिसते. मॅकेग नावाच्या एका सावकाराने १८९७ साली तिचे काम सुरू केले. आपल्या घराण्याचे स्मारक व्हावे आणि गावच्या गवंड्यांना हिवाळ्यात काम मिळावे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. १९०२ साली तो वारला आणि काम तसेच राहिले. खाली समुद्राला सामोरे उभे आहे ते संत कोलंबाचे कॅथॉलिक कॅथीड्रल, काळसर ग्रॅनाइटचे आणि भव्य, पण कोरीव कामाचा बडेजाव नसलेले. ब्रिटनमधील सुप्रसिद्ध लाल टेलिफोनपेटी ज्यांनी घडवली, त्याच सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी हे कॅथीड्रलही योजले. तेथे गुडघे टेकून उद्याच्या प्रवासासाठी प्रार्थना केली आणि लवकर झोपलो.

सकाळी धक्क्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. पिवळ्या जाकिटातला एक खलाशी केवळ बोटांच्या खुणांनी एकेक गाडी बोटीच्या पोटात घेत होता. पुढच्या गाडीला आमची गाडी इतकी भिडवून घेतली, की मध्ये जपमाळ ठेवावी तर मणी चिरडावेत. बोट चालू असताना गाडीत बसण्यास मनाई असल्याने सर्वांनी जिन्याने वर जायचे. आम्हांला वसईचा धक्का आठवला. २०२४ सालापासून आपल्याकडेही वसई-भाईंदर अशी गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट चालू झाली आहे. खाडीचे पाणी, पाठीमागे किल्ल्याचा तट आणि गाडीतून उतरून कठड्याशी उभी राहिलेली माणसे हे दृश्य जगात सगळीकडे सारखेच असावे. फरक इतकाच, की येथील वाऱ्याने मे महिन्यातही कानटोपी काढू दिली नाही.

ओबनहून मल बेटावरील क्रेगन्यूरपर्यंत सुमारे पाऊण तासाची वाट आहे. उजव्या हाताला लिस्मोरचे पांढरे दीपगृह येते. ते १८३३ सालचे, रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी उभारलेले. त्याच्या जवळच पाण्यात एक सखल खडक आहे. भरतीला तो पूर्ण बुडतो. त्याला 'लेडीज रॉक' म्हणतात. सोळाव्या शतकात, ड्यूअर्ट किल्ल्याचा मालक असलेल्या मॅक्लीन सरदाराने नकोशा झालेल्या बायकोला ओहोटीच्या वेळी या खडकावर नेऊन सोडले आणि तो भरतीची वाट पाहत बसला, अशी कथा सांगतात. कोळ्यांनी तिला वाचवून माहेरी पोचवले. तिच्या माहेरच्यांनी पुढे त्याचा हिशेब चुकता केला. ही कथा पुस्तिकेतून मोठ्याने वाचून दाखवल्यावर आमच्यातील वाचणारी म्हणाली, "बघा हो, माहेर भक्कम असले म्हणजे असा उपयोग होतो." आम्ही दोघेही हसलो आणि लगेच गप्प झालो. आमच्या लेकीच्या माहेराचा विचार दोघांच्याही मनात एकाच वेळी आला असावा.

मग जावयाने दिलेला कागद उघडला. अक्षरे मोठी, सुटी, वयस्कर माणसांना चष्म्याशिवायही वाचता यावीत अशी. पेट्रोल कोठे भरावे, बोटीवर उतरण्याची सूचना केव्हा होते, एकपदरी रस्त्यावर कोणाला कशी वाट द्यावी, परतीची शेवटची बोट कोणती, सारे क्रमाने लिहिले होते. खाली आयोना बेटाचा हाताने काढलेला नकाशा होता. त्यात मठाचे चर्च दाखवले होते. शिवाय बाजूला एका टेकाडावर लहानसा क्रूस काढून लिहिले होते, की येथे कॅथॉलिक प्रार्थनागृह आहे, तुम्हांला तेथे प्रार्थना करावीशी वाटेल. कागदाच्या तळाशी देवनागरीत दोन शब्द होते, 'सावकाश जा'. अक्षरे वेडीवाकडी, शिरोरेषा कोठेही नव्हती. लेकीकडून वळण गिरवून घेतले असावे. कागदाची पुन्हा घडी घातली. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

क्रेगन्यूरहून फिनाफोर्टपर्यंतचा रस्ता सुमारे साठ किलोमीटरचा. त्याचा बराचसा भाग एकाच गाडीच्या रुंदीचा. काही अंतराअंतरावर कडेला थोडी रुंद जागा ठेवलेली असते आणि तेथे 'पासिंग प्लेस' अशी पाटी असते. समोरून गाडी दिसली की ज्याला ती जागा जवळ, त्याने थांबायचे. जागा डाव्या हाताला असेल तर तीत शिरायचे. उजव्या हाताला असेल तर आपल्याच बाजूला तिच्यासमोर उभे राहायचे, म्हणजे समोरचा तीत वळून पुढे निघून जातो. निघून जाणारा हात वर करून आभार मानतो, थांबलेलाही हात वर करतो. तासाभरात आमचे हात इतक्या वेळा वर गेले, की गावच्या सणाला मिरवणुकीत चालल्यासारखे वाटू लागले.

दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, त्यांवर ढगांच्या सावल्या, मध्येच रस्त्यात निवांत बसलेल्या मेंढ्या आणि डोळ्यांवर केस आलेल्या तांबड्या गाई. हजार मीटरला थोडी कमी असलेली बेन मोरची उंच चढण एका बाजूला ठेवून रस्ता स्क्रिडेन खाडीच्या काठाला उतरतो. तेथे एका वळणावर समोर पर्यटकांची मोठी बस उभी ठाकली. मागची जागा आम्हांला जवळ होती. म्हणजे आम्हीच मागे जायला हवे होते. गाडी मागे घेणे हे आमच्या चालकाचे कधीच आवडते काम नव्हते. "त्यालाच सांगा ना मागे जायला," असेही सुचवून झाले. पण बसचा चालक रागावला नाही, भोंगा वाजवला नाही. इंजिन बंद करून तो हात घडी घालून बसला. आम्ही हातहात मागे सरकलो, एकदा चाक गवतात गेले, पुन्हा बाहेर काढले. शेवटी जागा सापडली. बस जाताना आतल्या सगळ्या प्रवाशांनी हात हलवले. त्या अरुंद रस्त्यावर आमच्या ध्यानात आले, की मागे जाणाऱ्याचा मान कमी होत नाही. रस्ता त्याच्यामुळेच मोकळा होतो. घरच्या वाटेवर हे आम्हांला पाच वर्षांत सुचले नव्हते.

वाटेत बनेसन नावाचे छोटे गाव लागते. आपल्या इंग्रजी मिस्सेत सकाळच्या प्रकाशाचे स्तवन करणारे एक गीत गातात. ते शब्द इलिनॉर फार्जन या कवयित्रीने १९३१ साली लिहिले. पण चाल त्याहून जुनी, याच परिसरातील, आणि तिचे नावच 'बनेसन'. मेरी मॅक्डॉनल्ड नावाच्या येथील एका स्त्रीने एकोणिसाव्या शतकात गेलिक भाषेत गव्हाणीतल्या बाळावर एक गीत रचले, ते या चालीवर गात असत. त्या बाई बाप्टिस्ट पंथाच्या होत्या. गावाजवळ रस्त्याच्या कडेला त्यांचे स्मारक आहे. तेथे गाडी थांबवून ती चाल आम्ही हळूच गुणगुणलो. आपल्या चर्चमध्ये इतकी वर्षे ती गाताना, ही चाल कोणत्या पंथाची म्हणून आम्हांला कोणी विचारले नव्हते, आम्हीही विचारले नव्हते.

फिनाफोर्टला रस्ता संपतो. पाहुण्यांच्या गाड्या आयोनावर नेऊ देत नाहीत. म्हणून गाडी तेथेच ठेवून दुसऱ्या, लहान बोटीत चढलो. दीडेक किलोमीटरची सामुद्रधुनी, दहा मिनिटांची वाट. पाणी पाचूच्या रंगाचे, तळची पांढरी वाळू दिसावी इतके स्वच्छ. समोर हिरव्या गवतावर करड्या दगडाचा मठ उभा.

या बेटावर इ. स. ५६३ मध्ये कोलंबा हा आयरिश मठवासी बारा सोबत्यांसह कातड्याच्या होडीतून आला. तो येण्यामागची परंपरागत कथा आमच्या मनाला लागली. गुरूच्या ग्रंथालयातील स्तोत्रसंहितेची त्याने गुपचूप नक्कल केली. ती कोणाची यावरून वाद झाला. राजाने निवाडा गुरूच्या बाजूने दिला. वाद पेटून त्याचे युद्ध झाले आणि माणसे मेली. पश्चात्तापाने पोळलेला कोलंबा जन्मभूमी सोडून निघाला, आणि जेथून आयर्लंड दिसत नाही अशा पहिल्या बेटावर उतरला. इतिहासकार या कथेची सगळी कलमे मान्य करत नाहीत. पण देवाच्या पुस्तकावरून देवाच्याच माणसांनी भांडावे, हे पटायला इतिहासकाराची गरज नाही.

कोलंबा या लॅटिन शब्दाचा अर्थ कबूतर. हिब्रूत कबुतराला 'योना' म्हणतात. बेटाचे मूळ नाव निराळे होते. नकला करणाऱ्यांच्या हातून एक अक्षर बदलले आणि ते आयोना झाले, असे विद्वान सांगतात. म्हणजे एका नकलेने संताला येथे आणले आणि दुसऱ्या नकलेने बेटाला त्याचे नाव दिले! ९ जून ५९७ रोजी त्याने येथेच देह ठेवला. मठाचे नववे अधिपती ॲडम्नान यांनी शंभरेक वर्षांनी त्याचे चरित्र लिहिले. मठात दूध वाहून नेणारा म्हातारा पांढरा घोडा कोलंबाच्या अखेरच्या दिवशी त्याच्या छातीवर डोके ठेवून रडला, असा प्रसंग त्यात आहे. याच ॲडम्नान यांच्या पुढाकाराने ६९७ साली युद्धात स्त्रिया, मुले व धर्मसेवक यांना अभय देणारा कायदा झाला. आमच्या मनात मात्र दुसरेच साल आले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर हुतात्मा झाले. कोलंबाच्या मरणानंतर जवळजवळ एक हजार वर्षांनी! दोघांनीही समुद्र ओलांडला आणि दोघांचीही माती परदेशी झाली.

धक्क्यावरून वर चढले की प्रथम भिक्षुणींच्या मठाचे भग्नावशेष लागतात. इ. स. १२००च्या सुमाराचे हे बांधकाम गुलाबी ग्रॅनाइटचे आहे. छप्पर नाही, भिंतींच्या फटींतून रानफुले उगवलेली. क्षणभर आम्ही वसईच्या किल्ल्यातच आहोत असे वाटले. तेथेही छप्पर गेलेली चर्चे, तेथेही कमानींतून आभाळ, तेथेही फरशीवर पुसट झालेले थडग्यांचे लेख. वसईच्या चर्चांना १७३९ च्या युद्धानंतर अवकळा आली, येथे १५६० च्या धर्मसुधारणेनंतर. त्याआधीही या बेटाने पुष्कळ सोसले होते. ७९५ साली व्हायकिंग आले, पुन्हा पुन्हा आले. ८०६ साली त्यांनी ६८ मठवासी कापून काढल्याची नोंद आहे. उरलेल्यांपैकी अनेकांनी आयर्लंडमधील केल्स येथे आसरा घेतला. जगप्रसिद्ध 'बुक ऑफ केल्स' या शुभवर्तमानाच्या हस्तलिखिताचा आरंभ आयोनातच झाला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

एवढ्या मोडतोडीतून संत मार्टिनचा दगडी क्रूस मात्र आपल्या मूळ जागी उभा आहे. आठव्या शतकातला, म्हणजे सुमारे साडेबाराशे वर्षे त्याने हा खारा वारा खाल्ला आहे. त्याच्या मध्यावर, जेथे चारही भुजा मिळतात, तेथे पवित्र मरिया बाळ येशूला मांडीवर घेऊन बसली आहे. चेहरे झिजून गेले आहेत. बसण्याची ढब तेवढी ओळखू येते. आमच्यातील एकीने हात पुसून त्या दगडाला स्पर्श केला आणि बोटे ओठांना लावली. जवळून जाणाऱ्या एका स्थानिक बाई थबकल्या, हसल्या आणि पुढे गेल्या. साडेचारशे वर्षे प्रॉटेस्टंट असलेल्या देशाने ही आई येथून हलवली नव्हती.

मठाची कथा याहूनही बोलकी आहे. अर्गाइलचे आठवे ड्यूक स्वतः प्रेस्बिटेरियन. १८९९ साली त्यांनी हे भग्नावशेष एका विश्वस्त मंडळाच्या हवाली केले, चर्चवर पुन्हा छप्पर यावे आणि इतर ख्रिस्ती पंथांनाही तेथे उपासना करता यावी अशी योजना करून. चर्च उभे राहिले. मठाच्या बाकीच्या इमारती तशाच पडून होत्या. १९३८ साली ग्लासगोच्या गव्हन या कामगारवस्तीतील धर्मोपदेशक जॉर्ज मॅक्लाउड यांनी तेथील बेकार कारागीर आणि धर्मशिक्षण घेणारे तरुण यांना येथे आणले. गवंड्याच्या शेजारी पाळकाने दगड उचलायचा, एकत्र जेवायचे, एकत्र प्रार्थना करायची, असा तो बेत होता. त्यातून आयोना कम्युनिटी हा सर्वपंथीय समुदाय जन्मला. मध्ये महायुद्ध येऊन गेले, तरी काम थांबले नाही. ते १९६५ साली पुरे झाले. त्याच वर्षाच्या ८ डिसेंबरला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची सांगता झाली. विभक्त बांधवांशी ऐक्याचा मार्ग धरा, असे सांगणारा परिषदेचा हुकूमनामा त्याच्या आदल्या वर्षीचा, २१ नोव्हेंबर १९६४ चा. त्या काळात आम्ही वसईच्या शाळेत जाण्याच्याही वयाचे नव्हतो. पुढे दर जानेवारीत ख्रिस्तैक्य सप्ताहाची प्रवचने ऐकत मोठे झालो. ऐकत झालो, एवढेच म्हणावे लागेल.

दुपारी दोन वाजता मठाच्या चर्चमध्ये न्याय व शांतीसाठी छोटीशी प्रार्थना असते. आत जावे की न जावे? जाण्यात काहीच प्रत्यवाय नाही हे ठाऊक होते. ख्रिस्तप्रसादाचा प्रश्न नव्हता, नुसती प्रार्थना होती. तरी पाय उंबऱ्याशी घुटमळले. पाच वर्षांपूर्वी असल्याच एका दाराशी आपण यायला हवे होते, हे आठवले. मग आत जाऊन मागच्या बाकावर बसलो.

वीस-पंचवीस माणसे असतील. युद्धात होरपळणाऱ्या देशांची नावे घेतली गेली, थोडी शांतता झाली, मग सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. आम्ही ती आमच्या सवयीप्रमाणे मनात मराठीतून म्हणत होतो. शेजारी एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ होते. 'अपराध' या शब्दापाशी आम्ही आलो आणि त्यांच्या तोंडून 'ऋण' असा अर्थाचा इंग्रजी शब्द स्पष्ट ऐकू आला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन प्रथेत ही प्रार्थना अशीच म्हणतात, हे लेकीने आम्हांला नंतर सांगितले. मत्तयच्या शुभवर्तमानातील शब्दही तोच आहे, आणि आपल्या मराठी प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्येही तेथे 'ऋण' असेच छापलेले असते. शब्द ओळखीचा होता, पण तो आपल्यासाठी आहे असे कधी वाटले नव्हते.

अपराधाची गोष्ट वेगळी. अपराध केला नाही, असे माणूस स्वतःला समजावू शकतो. आम्ही कोणाला शिवी दिली नव्हती, लग्न मोडले नव्हते, लेकीशी नाते तोडले नव्हते. कुमसाराला जाऊन सांगावे असे काही घडले आहे, असे आम्हांला वाटतच नव्हते. पण ऋणाला असे निमित्त चालत नाही. देणे दिले की नाही, एवढाच त्याचा सवाल असतो. त्या मुलाला लग्नाच्या दिवशी आमचा आशीर्वाद द्यायचा होता, तो दिला नव्हता. मुलीला बापाच्या हाताचा आधार घेऊन वेदीपर्यंत चालायचे होते, तो हात दिला नव्हता. आईने डोळे पुसायला हवे होते, ते पुसले नव्हते. आणि ज्याचे देणे होते तो मात्र पाच वर्षे मागायला आला नाही. उलट त्याने आम्हांला गाडी दिली, वाट आखून दिली, आमच्या प्रार्थनेची जागा शोधून तिच्यावर क्रूस काढून ठेवला. प्रार्थना संपली तरी आम्ही काही वेळ उठलो नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी जाताना आमच्याशी हस्तांदोलन केले आणि आम्ही कोठून आलो ते विचारले. "इंडिया," आम्ही म्हटले, आणि थोडे थांबून पुढे म्हटले, "आमचे जावई ग्लासगोचे आहेत." कोणा परक्यापुढे आम्ही हे वाक्य प्रथमच उच्चारले होते.

नंतर कागदावरच्या क्रुसाच्या खुणेने टेकाडावरच्या कॅथॉलिक प्रार्थनागृहात गेलो. त्याच्या गेलिक नावाचा अर्थही कबुतराचे टेकाड असाच आहे. लहानसे, उबदार चॅपेल. पवित्र साक्रामेंतापुढे दिवा तेवत होता, खिडकीतून सामुद्रधुनी दिसत होती. तेथे आम्ही गुडघे टेकून जपमाळेची प्रार्थना केली, आणि ती ज्याने आम्हांला तेथवर पोचवले त्याच्यासाठी केली. घरी आल्यासारखे वाटले, हे खरे. पण त्या घराचा पत्ता शेजाऱ्याने लिहून दिला होता, हेही तितकेच खरे.

परतीच्या वाटेवर फारसे बोलणे झाले नाही. तोच अरुंद रस्ता, त्याच मेंढ्या. आता गाडी मागे घेण्याची वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा ती बिनतक्रार घेतली. क्रेगन्यूरहून सुटलेली बोट ओबनला लागली तेव्हा सूर्य अजून पुरता मावळला नव्हता. धक्क्यावर गाडी उभी करून जावयाला फोन लावला. इंग्रजीत मनातले बोलायची सवय नाही. कितीतरी वाक्ये जुळवून ठेवली होती, ती ऐनवेळी आठवली नाहीत. "आम्हांला फार उशीर झाला," एवढेच तोंडातून निघाले. बोटीच्या उशिराबद्दल बोलत आहोत असे त्याला वाटले असावे. तो म्हणाला, "काही हरकत नाही. तुम्ही पोचलात ना?"

गावी परतल्यावर बॅगा सोडण्याआधी आम्ही कपाटातल्या चादरी बाजूला केल्या. भिंतीवरचा खिळा वसईच्या खाऱ्या हवेने गंजून गेला होता. तो काढून नवा ठोकला आणि तसबीर लावली. चौकटीच्या मागे तो घडी घातलेला कागद खोचून ठेवला आहे. रविवारी मिस्सेनंतर चहाला आलेल्या शेजाऱ्यांनी भिंतीकडे पाहून विचारले, "हे कोण?"

"आमचे धाकटे जावई," आम्ही दोघांनी एकदमच सांगितले.